सत्यफुला म्हणे, मुकुटबन गाव

आमच्या मुकुटबनच्या घरात प्लग एकच होता आणि तो चुलीशेजारच्या भिंतीत, मिठाच्या डब्याच्या बरोबर वर होता. वीज यायची तेव्हा यायची. ती आली की घरात जो कोणी असेल तो हातातलं काम टाकून आधी माझा मोबाईल त्या प्लगला लावायचा. वायर आखूड होती, म्हणून मिठाचा डबा उचलून दुसरीकडे सरकवायचा आणि त्याच्या जागी जर्मनचा रिकामा गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवून त्यात मोबाईल उभा करायचा. गंजात ठेवला की आवाज तिप्पट होतो हे कोणी शोधून काढलं मला माहीत नाही, पण त्या काळात आमच्याकडच्या प्रत्येक स्वयंपाकघराला ते आपापलंच कळलेलं होतं. भाकरी थापल्याचा आवाज, अंगणात कोंबड्यांचा, आणि मध्येच गंजातून घुमत येणारं गाणं, असं आमचं घर सकाळभर वाजत असे. शेजाऱ्यांनी भाव वाढायची वाट पाहत कापूस आढ्यापर्यंत भरून ठेवला होता. त्यांच्या घरात ताट मांडायला जागा नव्हती, म्हणून त्यांची पोरं आमच्या ओसरीत जेवायची. आमच्या घरात कापूस फक्त बाबांच्या भुवयांवर असायचा. ते जिनिंगमध्ये कामाला होते आणि घरी आले की आधी दारात उभं राहून पंच्याने तोंड झटकायचे.

सत्यफुला माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परतली आणि आमच्याच घराची झाली. वेचणीच्या दिवसांत ती पहाटे भाकर बांधून बायांबरोबर निघायची आणि परतायची तेव्हा तिच्या बोटांची टोकं लाल असायची. कापसाचं बोंड फुटतं तेव्हा त्याच्या पाकळ्या वाळून टाचणीसारख्या होतात. कापूस मऊ असतो असं म्हणणाऱ्याने तो कधी झाडावरून काढलेला नसतो. मी कॉलेजात असताना ज्या संघटनेत होते ती त्या वर्षांत शेतकऱ्यांवर पत्रकावर पत्रकं काढत होती, मीच लिहीत होते, पण त्या बोटांवर मी एक ओळ लिहिली नव्हती. ती आत्यानेच लिहिली. लिहिली म्हणजे कापसाच्या पऱ्हाटीत उभ्या उभ्या जोडली आणि घरी येऊन मला म्हणून दाखवली:

बोंड फुटलं माय, बोट फाटलं,
गाठोड्यात माह्यं रगत साठलं.

गाणं चार कडव्यांचं होतं. आत्या विहारात पौर्णिमेला आणि जयंतीला गायची. गायला आणि गाणी जोडायला तिला गावातल्या एका म्हाताऱ्या शाहिराने शिकवलं होतं, आणि त्याचा एक नियम ती मोडत नसे. आधी सांगायचं ते सांगून घ्यायचं, मग कोण सांगतं ते सांगायचं. म्हणून नाव शेवटच्या कडव्यात. आपलं नाव आधी घेणं म्हणजे ताट वाढायच्या आधी ढेकर देणं, असं तो म्हातारा म्हणे. तर या गाण्याचं शेवटचं कडवं असं होतं:

सत्यफुला म्हणे, मुकुटबन गाव,
गीत घ्या रे बाप्पा, ठेवा माह्यं नाव.

एका सकाळी वीज होती, मोबाईल गंजात होता, आत्याचा गळा मोकळा होता. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि म्हटलं, "आत्या, म्हण." तिने चुलीपुढे बसूनच म्हटलं. तिसरं कडवं संपलं, कोंबडा आरवला, आणि शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आत माय परसातून मला हाक देत ओरडली, "मिठाचा डबा कुठं ठेवला वं, सुजे?" आत्या थांबली नाही. एका हाताने तिने डबा दाखवला आणि 'सत्यफुला म्हणे' सुरू केलं. मी रेकॉर्डिंग पुन्हा घेतलं नाही. वीज गेली होती.

मी तेव्हा पांढरकवड्याला कॉलेजात शिकत होते. शिकत होते म्हणजे नाव तिथे होतं, जीव संघटनेच्या खोलीत होता. आज केसांत पांढरं आल्यावर त्या खोलीवर हसणं सोपं आहे, पण मी हसणार नाही. तिथे मला लिहायला कोणी शिकवलं असेल तर गुलाबी कागदाच्या त्या पत्रकांनी. पान एकच असायचं, म्हणून पाल्हाळ लावायला जागा नव्हती. विरोधकाचं नाव ठळक छापायचं. आपल्या माणसाचं नाव कधीच नाही, कारण आपल्याकडे व्यक्ती नसते, जनता असते. उद्गारचिन्हं तीनच्या खाली नाहीत. हे नियम मी शाहिराच्या नियमाइतक्याच निष्ठेने पाळत होते.

आणि पांढरकवड्याच्या स्टँडसमोर देवीदासभाऊचं मोबाईलचं दुकान होतं. दुकान म्हणजे पानठेल्याएवढी टपरी. आत एक संगणक, एक पंखा, आणि कार्ड भरून घ्यायला आलेल्यांची रांग. मेमरी कार्ड भरून देणं हा त्या वर्षांत आमच्याकडे पोट भरायचा धंदा होता. इंटरनेट कोणाकडे नव्हतं, गाणं सगळ्यांना हवं होतं. देवीदासभाऊ जवळच्या तांड्यावरचा बंजारा. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. तो स्वतः खुर्चीवरून उठत नव्हता, पण त्याच्या टपरीतून गाणी नागपूर-हैदराबाद रस्त्याच्या दोन्ही टोकांना जात. ट्रकवाले जेवायला थांबायचे, कार्ड टाकायचे, भाकर खाऊन परत येईपर्यंत कार्ड भरलेलं. सिनेमाची गाणी तो द्यायचाच, आणि ती कोणाला विचारून देत नव्हता हेही मी झाकणार नाही. पण त्याच्या संगणकात आणखी काही होतं, ते मी त्या वेळी पाहिलं नाही. तांड्यावरच्या बायांची होळीतली लेंगी गाणी होती. गोंडांच्या ढेमसा नाचाचं वाजप होतं. कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, सायकलने जाऊन त्याने स्वतः भरून आणलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज होते. एकाही कंपनीने कोलामी गाणं कधी काढलं नव्हतं. कशाला काढतील? त्याला बाजार नव्हता. बाजार नसलेल्या गाण्यांचं एकमेव दुकान आमच्या स्टँडसमोर होतं आणि मी त्याला चोर म्हणणार होते.

झालं ते असं. स्टँडवर मी मुकुटबनच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारी एक ट्रकवाला चहा पीत होता, त्याच्या खिशातून एकदम आत्या गायला लागली. बोंड फुटलं माय, बोट फाटलं. माझ्या अंगावर काटा आला. दोन ओळी झाल्या, अर्धं कडवं झालं, आणि त्याने फोन उचलून कानाला लावला. गाणं तिथेच तुटलं.

"दादा, हे गाणं कोणाचं?" मी विचारलं.

"कोनाचं म्हंजे? रिंगटोन हाय. त्या समोरच्या टपरीतून टाकून घेतली. मस्त हाय ना? आमच्या बायकोच्या फोनात पन हेच."

"गाणारी कोण आहे, माहीत आहे?"

"असन कोनी बाई," तो म्हणाला आणि चहाचा ग्लास ठेवून निघाला.

असेल कोणी बाई! मी गाडी सोडली आणि संघटनेच्या खोलीत गेले. पत्रक लिहायला मला अर्धा तास लागला, इतक्या रागात मी त्यानंतर कधी लिहिलं नाही. मथळा होता 'गाण्यांचे दरोडेखोर!!!' देवीदासभाऊच्या दुकानाचं नाव ठळक. 'कष्टकरी जनतेचे पारंपरिक लोकधन लुटून रिंगटोन विकणाऱ्या नफेखोराचा जाहीर निषेध.' दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वतः त्याच्या टपरीपुढे उभी राहून पत्रकं वाटली. रांगेतले लोक पत्रक घ्यायचे, वाचायचे, आणि कार्ड भरून घ्यायचे. देवीदासभाऊनेही एक मागून घेतलं, नीट वाचलं.

"ताई, एक बोलू का?" तो म्हणाला.

"जे बोलायचं ते जनतेसमोर बोला!"

"जनताच उभी हाय ना समोर. आत या, खुर्ची हाय, चहा सांगतो. हे गानं मले..."

"चोराच्या घरचा चहा मी पीत नाही."

रांगेतलं कोणीतरी हसलं. त्याने पत्रकाची चार पदरी घडी केली, खिशात घातली आणि पुढच्या माणसाचं कार्ड हातात घेतलं. मला वाटलं, निरुत्तर झाला. आत्याला मी यातलं काहीच सांगितलं नाही. तिची बाजू मी लढत होते, मग तिला विचारायचं कशाला, अशी त्या वयातली माझी रीत होती.

त्या हंगामाच्या शेवटी शहरातल्या एका कंपनीने सीडी काढली. त्या वर्षांत आमच्या दुःखाला शहरात गिऱ्हाईक होतं, कापसाला नव्हतं. कॅमेरे यायचे, माईक यायचे, बायांना रडायला सांगायचे. त्या सीडीच्या वेष्टनावर भेगाळलेल्या जमिनीचं चित्र होतं, आमच्याकडच्या काळ्या मातीशी त्याचा काही संबंध नव्हता. सहावं गाणं आत्याचं. आवाज दुसऱ्या कोणाचा, गोड, बासरीबिसरी लावलेला. कडवी तीन. चौथं नाही. गाण्यापुढे लिहिलं होतं, 'पारंपरिक'. म्हणजे ज्याला आई नाही, बाप नाही, रस्त्यात सापडलं म्हणून उचललं. आणि ही उचललेली सीडी घेऊन कंपनीचा माणूस पांढरकवड्याला आला आणि देवीदासभाऊविरुद्ध तक्रार दिली की आमच्या मालकीचं गाणं हा फुकट वाटतो. ठाण्यातून माणसं आली, संगणक उचलून घेऊन गेली.

हे सगळं मला देवीदासभाऊकडूनच कळलं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुकुटबनला आमच्या दारात उभा होता. मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होते. त्याला पाहून उठलेच, पण तो माझ्याकडे पाहत नव्हता. तो आत्याच्या पाया पडला.

"याडी," तो म्हणाला. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. "तुमचं गानं सांभाळून ठेवतो म्हनलो होतो. नाई सांभाळता आलं."

आत्याने त्याला खाट दिली, पाणी दिलं. मग शेंगा उकडायला ठेवल्या, त्यात मिठाचा खडा टाकला, आणि त्याचं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी तिथे उभी होते आणि मला एक एक गोष्ट कळत होती. माझं कार्ड भरताना त्याने ते रेकॉर्डिंग ऐकलं होतं. बाजाराच्या दिवशी आत्याला गाठून विचारलं होतं, घेऊ का. आत्या म्हणाली होती, घे, कोणी मागितलं तर दे, फक्त शेवटचं कडवं खाऊ नको. आणि त्याने खाल्लं नव्हतं. गाणं पूर्ण भरून द्यायचा, फाईलला आत्याचं नाव दिलं होतं. पण रिंगटोन म्हटली की मशीन पहिले तीस सेकंद कापून घेतं. नाव येतं चौथ्या मिनिटाला.

"संगणकाचं काय नाई, याडी," तो म्हणाला. "दुसरा घेईन. पन त्याच्यात त्या पोडावरच्या म्हातारीचं गानं हाय. म्हातारी पोळ्याच्या आधी मेली. तिचं गानं अजून कुठंच नाई गेलं, त्या एका डब्यातच हाय. तो डबा कंपनीवाल्यानं पुसून टाका म्हनलं तर?"

आत्याने शेंगांचं पाणी ओतून टाकलं. "खा," ती म्हणाली. "मंग जाऊ." आणि माझ्याकडे वळून, "तू बी चाल. तुले लय बोलता येते ना."

गाडीत तिघं एका बाकावर बसलो होतो. झरीपासून पांढरकवड्यापर्यंत मी बाहेर पाहत बसले. खिडकीतून उपटून ठेवलेल्या पऱ्हाटीचे ढीग दिसत होते. आत्या वाटेत देवीदासभाऊला विचारत होती, तुझी माय गाते का, लेंगी म्हणते का, दिवाळीला तुमच्या पोरी दिवा घेऊन घरोघरी गात मेरा मागतात म्हणे, मले ऐकव एकदा. तो सांगत होता. एवढ्या घोरात ती त्याच्याशी गाण्याचंच बोलत होती, आणि मी त्याला चोर म्हणून आले होते ते त्याने तिला सांगितलं नव्हतं. सबंध वाटेत सांगितलं नाही.

ठाण्यात कंपनीचा माणूस आधीच बसला होता. सफारी, हातात फाईल, बोलणं अगदी साखरेचं. ठाणेदार वयस्क होते, त्यांनी आत्याला बसायला खुर्ची दिली. आत्याने सीडी हातात घेतली, उलटली, पालटली. तिला वाचायला रात्रशाळेत शिकवलेलं, ती बोट ठेवून वाचत असे.

"साहेब, गानं माह्यं हाय. माह्यं नाव कुठं हाय याच्यावर?"

"मावशी," कंपनीचा माणूस म्हणाला, "हे लोकगीत आहे. लोकगीताला मालक नसतो. आम्ही त्याला चाल बसवली, गायिका लावली, खर्च केला. आणि हे मी नाही म्हणत, तुमच्याच भागातले लोक म्हणतात." त्याने फाईलमधून गुलाबी कागद काढला. "हे बघा. स्वतः तुमच्या संघटनेने छापलंय, हा दुकानदार चोर आहे आणि गाणं पारंपरिक आहे."

मी माझा कागद लांबूनच ओळखला. आत्याने तो घेतला आणि बोट ठेवून, मोठ्याने वाचायला लागली. ठाण्यात सगळे ऐकत होते. गा-ण्यां-चे दरोडेखोर. देवीदासभाऊने मान खाली घातली, जणू त्यानेच काही केलं होतं. आत्या पुढे वाचत गेली आणि 'पारंपरिक' या शब्दावर तिचं बोट थांबलं. तिने सीडी पुन्हा हातात घेतली. एक बोट सीडीवर, एक पत्रकावर. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे तू लेहलं?"

"हो."

"तुले तं माहीत होतं, हे कोनाचं गानं हाय. तू समोर बसली होती."

"हो, आत्या."

"मंग माह्यं नाव काहून नाई लेहलं?"

माझ्याकडे उत्तर होतं, तयार होतं, आणि ते मी दिलंही. आज लिहितानाही कान तापतात. मी म्हटलं, "आपल्यात एका माणसाचं नाव पुढं करत नाहीत. चळवळ सगळ्यांची असते."

"सगळ्यायची म्हंजे माही बी असन का नाई?" आत्या म्हणाली. "हा साहेब पैशासाठी माह्यं नाव खाते, तू चळवळीसाठी खाते. मले तं दोघंही उपाशीच ठेवता."

शिपाई हसला. मग आपण कुठे आहोत ते आठवून त्याने टोपी सारखी केली. मी इतक्या सभा पाहिल्या, इतकी भाषणं ऐकली, स्वतः केली. त्या एका वाक्यात जेवढं होतं तेवढं कुठल्याच भाषणात मला सापडलं नाही.

ठाणेदार म्हणाले, "बाई, तुमचं म्हणणं पटतं. पण गाणं तुमचं हे दाखवायला काही आहे का? संगणक तर सीलबंद आहे, तो मी असा उघडू शकत नाही."

माझ्या मोबाईलमधलं रेकॉर्डिंग मी केव्हाच पुसलं होतं, कार्डात जागा हवी होती. देवीदासभाऊ पहिल्यांदा बोलला.

"साहेब, माफी असावी. संगनक कायले पाह्यजे? मी हे गानं आठ महिने वाटून राह्यलो. तुमच्या ठान्यातच कोनाच्या ना कोनाच्या मोबाईलमधी असन. पूर्ण गान्याचं बोलतो मी, रिंगटोनचं नाई."

ठाणेदारांनी नजर फिरवली. कोणी हललं नाही. मग तोच हसलेला शिपाई पुढे आला, कान लाल झालेले, आणि त्याने खिशातून मोबाईल काढला. "साहेब, घरच्यायनं टाकून घेतलं होतं," तो म्हणाला. आणि इकडे तिकडे पाहून त्याने टेबलावरचा स्टीलचा ग्लास रिकामा केला आणि मोबाईल त्यात उभा केला.

ठाण्यात आमचं स्वयंपाकघर वाजायला लागलं. चुलीतल्या काडीचा तडतडाट ऐकू आला. आत्याचं पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. कोंबडा आरवला. आणि मग, एका अख्ख्या पोलीस ठाण्याला उद्देशून, माझी माय ओरडली, "मिठाचा डबा कुठं ठेवला वं, सुजे?"

ठाणेदारांनी विचारलं, "ही सुजा कोण?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा.

"आणि डबा विचारणारी?"

"आमची भावजय," आत्या म्हणाली. "तिले आनू का? पन तिनं तुमाले डब्याबद्दल इचारलं तं मी जबाबदार नाई."

तोपर्यंत ग्लासातून शेवटचं कडवं सुरू झालं होतं. सत्यफुला म्हणे, मुकुटबन गाव. कंपनीच्या माणसाने सीडी फाईलमध्ये घातली. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, हे मी सांगून टाकते. तो म्हणाला, आम्हाला तीनच कडवी मिळाली होती, ज्याने दिलं त्याने तीनच दिली. खरंही असेल. कोणीतरी अर्धं कापलेलंच त्याला विकलं असेल. पण अर्धं मिळालं तर उरलेलं शोधायची गरज त्याच्या कंपनीला वाटली नाही, आणि माझ्या संघटनेलाही नाही. देवीदासभाऊ तेवढा सायकलवरून पोडापोडाला जाऊन उरलेलं शोधत होता.

त्या गाण्याची तक्रार मागे घेतली गेली. सिनेमाच्या गाण्यांचं प्रकरण पुढे चाललं, त्यात तो अडकला आणि बरेच दिवस फेऱ्या मारत राहिला. संगणक परत मिळाला तेव्हा त्याने सगळ्यात आधी म्हातारीचं कोलामी गाणं उघडून पाहिलं. ते होतं. त्याच दुपारी त्याने ते रांगेतल्या पंधरावीस कार्डांत टाकून दिलं, मागितलेलं नसतानाही. "आता कितीही संगनक नेऊ दे," तो मला म्हणाला. कंपनीने पुढच्या सीडीवर आत्याचं नाव छापू असं ठाण्यात लिहून दिलं होतं. पुढची सीडी मी कधी पाहिली नाही. सीड्यांचेच दिवस भरत आले होते.

मी दुसरं पत्रक काढलं. संघटनेने त्यावर आपलं नाव घालू दिलं नाही, वैयक्तिक बाब म्हणाले. मग मी खाली माझंच नाव घातलं, आयुष्यात पहिल्यांदा. त्यात देवीदासभाऊची माफी होती आणि वर ठळक अक्षरात सत्यफुलाचं नाव होतं. उद्गारचिन्ह एकही नव्हतं. त्याच्या टपरीपुढे उभी राहून वाटलं, तेव्हा त्याने एक मागून घेतलं, वाचलं, घडी केली आणि म्हणाला, "आता तरी चहा घेता का, ताई?" मी आत जाऊन खुर्चीवर बसले. पहिल्या पत्रकाची घडी त्याच्या गल्ल्यात अजून होती. त्याने दोन्ही एकत्र ठेवली.

आत्याने मात्र कंपनीची वाट पाहिली नाही आणि माझ्या पत्रकाचीही नाही. ठाण्यातून निघालो तशी तिने देवीदासभाऊला विचारलं होतं, "ते मशीन पहिलंच कापते म्हनतं? शेवटचं नाई कापत?"

"नाई याडी. पयले तीस सेकंद. त्याले तेवढंच समजते."

ती पांढरकवड्याच्या रस्त्याने चालत राहिली. माझ्या लक्षात आलं की ती पुटपुटते आहे, बोटांवर मात्रा मोजते आहे. ज्या म्हाताऱ्या शाहिराचा नियम तिने उभा जन्म पाळला, तो तिने स्टँडपर्यंतच्या वाटेत मोडला. पुढच्या बाजाराला ती टपरीत गेली, पंखा बंद करायला लावला, दारावर चादर टाकली आणि गाणं नव्याने म्हटलं. धृपदच बदललं होतं:

सत्यफुला म्हणे, बोंड फुटलं,
मुकुटबनच्या बाईचं बोट फाटलं.

मी म्हटलं, "आत्या, नाव आधी? तुझे गुरुजी काय म्हणाले असते?"

"त्यायच्या वेळी गानं आयकाले लोक शेवटपर्यंत बसत," ती म्हणाली. "आता उचलून कानाले लावतात. मंग उचलायच्या आधी सांगाव लागते."

माय मात्र रुसली. नव्या रेकॉर्डिंगमध्ये तिचा आवाज नव्हता. "आठ महिने माहा आवाज गावोगावी फिरला अन् मले कोनी सांगतलं बी नाई," असं ती बरीच वर्षं पाहुण्यांना सांगायची, आणि मिठाचा डबा दाखवायची.

ते नवं गाणं ट्रकांनी हैदराबादपर्यंत नेलं, वेचणीला जाणाऱ्या बायांनी वणीपासून कळंबपर्यंत नेलं. स्टँडवर कोणाचाही फोन वाजला की पहिला शब्द तिचा असायचा. लोक दोन शब्दांतच फोन उचलायचे, पण ते दोन शब्द तेच होते.

आता कार्ड भरून देणारी टपरी राहिली नाही. देवीदासभाऊ तांड्यावर असतो, त्याचा नातू सगळी गाणी कुठे कुठे चढवत असतो. गाणी आभाळातून येतात आणि त्यांचे मालक कोणत्या देशात बसतात ते त्यांचं त्यांना माहीत. मागच्या महिन्यात मी आत्याकडे बसले होते. ती आता ओसरीतच असते, बोटांची टोकं अजून खरखरीत आहेत. मी मोबाईलमध्ये शोधलं तर आमचं गाणं निघालं, कोणीतरी ढोलताशा लावलेलं. खाली गायक म्हणून लिहिलं होतं, 'अज्ञात'. माझं जुनं डोकं तापलं. म्हटलं, आत्या, बघ, अजून तेच, मी उद्याच यांना लिहिते.

"काय लेहलं हाय?" तिने विचारलं. तिला आता दिसत नाही.

"अज्ञात लिहिलंय."

"लाव."

मी बोट टेकवलं. ढोल वाजला आणि लगेच तिचाच आवाज आला, तरणा, खणखणीत: सत्यफुला म्हणे. आत्याने एवढंच ऐकलं आणि चाचपडत मोबाईल माझ्या हातात दिला.

"बस झालं," ती म्हणाली. "बंद कर. चार्जिंग जाते."